टेस्टोस्टेरॉन २३८, वय ३२: बडोद्यातलं एक प्रकरण

रुग्णाच्या आणि त्याच्या पत्नीच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय भाग तसाच ठेवला आहे.

रुग्णाचं वय ३२. बडोद्याजवळच्या एका केमिकल प्लँटमध्ये कंट्रोल रूम ऑपरेटर, फिरत्या शिफ्टची नोकरी. आई-वडील दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहतात, तो आणि बायको मांजलपूरला. लग्नाला दोन वर्षं झालेली. त्या घराची तिसरी पिढी माझ्याकडे येते, त्यामुळे मी त्याला ‘तू’ म्हणतो आणि तो मला ‘काका’. कामेच्छेविषयी बोलायला हे नातं अडचणीचंच. ज्या डॉक्टरने लहानपणी गोवराच्या तापात पाहिलं, त्याच्यासमोर ‘रात्री काही होत नाही’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून तो आधी दुसरीकडे गेला, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

माझ्याकडे आला तेव्हा पिशवीत तीन गोष्टी होत्या: घरी सॅम्पल नेणाऱ्या लॅबच्या पॅकेजचा रिपोर्ट, एका क्लिनिकचं प्रिस्क्रिप्शन आणि इंजेक्शनची न फोडलेली पेटी. रिपोर्टमध्ये टोटल टेस्टोस्टेरॉन २३८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, शेजारी लॅबची खालची मर्यादा २७० छापलेली, आकडा ठळक. प्रिस्क्रिप्शनवर टेस्टोस्टेरॉनच्या मिश्र एस्टरचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, तीन महिने. जिममधल्या ट्रेनरचं मत त्याहून पक्कं: एवढ्या नंबरवर शरीर बनणारच नाही.

“घेऊन टाकू का, काका? ही म्हणाली, आधी तुम्हाला दाखवून ये.”

तक्रारी खऱ्या होत्या, हे आधी सांगायला हवं. वर्षभर थकवा. नाइट शिफ्टनंतर झोपून उठलं तरी अंग जड. इच्छा कमी झालेली, सकाळचं ताठरणं आठवड्यातून एखाद्या वेळी. चार वर्षांत वजन ७४ वरून ९१ किलो. उंची १७१ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ३१ च्या वर. चिडचिड वाढलेली. बायकोपासून तो हळूहळू लांब राहायला लागला होता, आणि लांब राहण्याचं कारण त्याने तिला सांगितलं नव्हतं. अशा माणसाच्या हातात ‘लो’ असा शिक्का मारलेला आकडा पडला की त्याला सुटल्यासारखं वाटतं. एवढे दिवस जे नावाशिवाय होतं त्याला नाव मिळतं आणि नावासोबत औषधही. त्याच्या जागी कुणीही ती पेटी विकत घेतली असती.

२३८ कधी घेतलेला?

मी पहिला प्रश्न विचारला तो सॅम्पलच्या वेळेचा. नाइट करून सकाळी आठला घरी आला, नऊ ते एक झोपला, दोनला जेवला, साडेपाचला लॅबचा मुलगा रक्त घेऊन गेला. त्या चार तासांच्या झोपेआधी पाच रात्री तो जागाच होता.

तरुण पुरुषात टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं, पहाटे-सकाळी सर्वांत वर असतं आणि संध्याकाळपर्यंत बरंच उतरतं. सगळ्या मर्यादा ठरवल्या आहेत त्या सकाळच्या सॅम्पलवर. शिवाय ते उपाशीपोटी हवं: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन साधारण पाव भागाने खाली येतं, असं मोजलेलं आहे. झोपेचंही तसंच. शिकागोत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. आमच्या रुग्णाच्या त्या एका सॅम्पलमध्ये संध्याकाळ, भरलेलं पोट आणि तुटलेली झोप, तिन्ही एकत्र आले होते. असा आकडा कमी असेलही, नसेलही. त्याच्यावरून उपचार ठरवता येत नाही. आणि एकाच तपासणीवर तर कधीच नाही, कारण पहिल्यांदा कमी आलेला आकडा दुसऱ्यांदा नॉर्मल येणं अगदी नेहमीचं आहे.

फिरत्या शिफ्टवाल्याला ‘सकाळी आठला या’ एवढं सांगून भागत नाही. फर्स्ट शिफ्टला तो सातला प्लँटमध्ये असतो. नाइटनंतर सकाळ म्हणजे त्याच्या शरीराची रात्र. म्हणून सेकंड शिफ्टचा आठवडा निवडला. तीन ते अकराची ती शिफ्ट, रात्री साडेबाराला झोप, साडेसातला जाग. तो आठवडा संपताना, सलग पाच रात्री नीट झोप झाल्यावर, उपाशीपोटी आठ वाजता सॅम्पल. पुढच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात, त्याच लॅबमध्ये, पुन्हा. केसांसाठी तो बायोटिनच्या गोळ्या घेत होता, त्या आधी थांबवल्या; मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही मशीनवर हार्मोनचे आकडे खोटे वर-खाली दाखवतं, आणि टेस्टोस्टेरॉन त्यात येतं.

दोन आकडे आले: ३११ आणि २९४.

आता गंमत बघा, म्हणजे अडचण बघा. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ३०० ही रेषा मानली आहे. १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांच्या सॅम्पलवरून २०१७ मध्ये काढलेली पट्टी २६४ पासून ९१६ पर्यंत जाते. एकाच माणसाचं रक्त एका रेषेने कमी ठरतं आणि दुसऱ्या रेषेने नॉर्मल. काठावरच्या माणसाला नुसता टोटलचा आकडा काही सांगू शकत नाही.

टेस्टोस्टेरॉन रक्तात एकटं फिरत नाही. बराच भाग एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट धरलेला असतो, बराच अल्ब्युमिनला सैल लागलेला, आणि मोकळा राहतो साधारण २ टक्के. वजन वाढलं, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं. मग टोटल खाली दिसतं, मोकळा भाग मात्र जागेवर असू शकतो. आमच्या रुग्णाचं एसएचबीजी निघालं १४ नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजे कमी. टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन यांवरून गणिताने काढलेलं फ्री, म्हणजे मोकळं, टेस्टोस्टेरॉन आलं ८६ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास. त्यासाठी सहसा धरली जाणारी खालची मर्यादा ६५ ची आहे. थोडक्यात, नॉर्मल. (पॅकेजमध्ये थेट मशीनवर मोजून मिळणारं ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ मी वापरत नाही. ती पद्धत भरवशाची नाही.)

बाकीची तपासणी

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून वृषणांना चालना देणारे दोन हार्मोन: एलएच ३.८, एफएसएच ४.१, दोन्ही ठीक. प्रोलॅक्टिन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, फेरिटिन (लोहाचा साठा) ठीक. गेल्या काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. यकृताचं एसजीपीटी वाढलेलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. अंगावर तपासलं तर दाढी, केस, आवाज, वृषणांचा आकार, सगळं वयाला साजेसं; छाती वाढलेली नाही, वास नीट येतो, डोकेदुखी नाही, नजरेचा कोपरा कापला गेलेला नाही. वृषण लहान आणि टणक असते तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमचा (जन्मतः एक एक्स गुणसूत्र जास्त) विचार करावा लागला असता. सुमारे ६०० मुलग्यांमागे एकाला तो असतो आणि अनेकांना तिशीपर्यंत पत्ताच नसतो. प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं असतं किंवा टेस्टोस्टेरॉन १५० च्या खाली आणि एलएचही कमी असतं, तर पिट्युटरीचा एमआरआय. यातलं काहीच नव्हतं. जिममधल्या गोळ्या-इंजेक्शनं आधी कधी घेतली का, वेदनेच्या ओपिऑइड गोळ्या, दारू, मोठेपणी गालगुंड झाले होते का, हेही विचारलं. दारूबंदीचं राज्य असलं तरी दारूचा प्रश्न विचारावाच लागतो. सगळ्याचं उत्तर ‘नाही’.

मग मी त्याला पुढच्या वेळी बायकोला घेऊन यायला सांगितलं.

मूल हवंय का?

हा प्रश्न क्लिनिकच्या कागदावर कुठेच नव्हता. तरुण माणसाला टेस्टोस्टेरॉन लिहून देताना तो पहिला असायला हवा, आणि तो विचारला जात नाही याचा मला मनापासून राग येतो. बायको २९ वर्षांची, शाळेत शिकवते. तिने एका वाक्यात सांगितलं: पुढच्या वर्षी मूल हवं आहे. “याने त्यात अडचण येणार नाही ना, एवढंच मला विचारायचं होतं. हे म्हणतात उलट फायदाच होईल, पुरुषांचंच हार्मोन आहे.”

समजूत अगदी स्वाभाविक आहे आणि तेवढीच चुकीची. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला इशारा देतो, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं, आणि एफएसएच व ते जागच्या जागी बनलेलं टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणू तयार करतात. वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त असावं लागतं. बाहेरून इंजेक्शन दिलं की मेंदूला रक्तात भरपूर दिसतं आणि तो वरचा इशारा बंद करतो. रक्तातला आकडा सुंदर, वृषणाच्या आत दुष्काळ.

मी कागदावर बाण काढत होतो तोच तो म्हणाला, “म्हणजे आमच्या लेव्हल कंट्रोलरसारखं. बाहेरून टँकरने टाकी भरली तर कंट्रोलर फीडचा व्हॉल्व्ह बंदच करणार. मागचं युनिट थंड पडणार.” यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. आपल्या शरीराचा लूप त्याला समजल्यावर पुढचं बोलणं सोपं झालं.

बाहेरचं टेस्टोस्टेरॉन हा इशारा किती जोराने बंद करतं, हे जगाला गर्भनिरोधाच्या अभ्यासांतून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिलं, आणि सहा महिन्यांत सुमारे ६५ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू शून्य झाले. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून ज्याची परीक्षा झाली, तेच औषध पुढच्या वर्षी बाप होऊ इच्छिणाऱ्याला ताकदीसाठी लिहून दिलेलं. डोस कमी आहे किंवा इंजेक्शनऐवजी जेल आहे म्हणून धोका टळत नाही. प्रमाण बदलतं, दिशा तीच. बंद केल्यावर बहुतेकांत शुक्राणू परत येतात, पण वेळ लागतो. अशा अभ्यासांतल्या पुरुषांचा एकत्र हिशेब २००६ मध्ये मांडला गेला: दर मिलिलिटरला २ कोटींची पातळी परत गाठायला दोन-तृतीयांश पुरुषांना सहा महिन्यांपर्यंत लागले, ९० टक्क्यांना वर्षापर्यंत, उरलेल्यांना दोन वर्षांपर्यंत. ते सगळे सुरुवातीला निरोगी आणि भरपूर शुक्राणू असलेले होते.

आमच्या रुग्णाची वीर्यतपासणी त्याच आठवड्यात केली, तीन दिवसांचा खंड ठेवून. मिलिलिटरला २.२ कोटी, एकूण ४.४ कोटी, हालचाल ४५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या खालच्या मर्यादा अनुक्रमे १.६ कोटी, ३.९ कोटी आणि ४२ टक्के आहेत. तो आत होता, पण जेमतेम. गमवायला शिल्लक फार नव्हती.

‘तीन महिने करून तर बघू’ या सल्ल्यात आणखी एक फसगत आहे, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना बरं वाटतं. काही औषधाने, काही अपेक्षेने. या काळात स्वतःचं उत्पादन बंद पडतं. तीन महिन्यांनी इंजेक्शन थांबवलं की बाहेरचं संपलेलं आणि आतलं अजून सुरू न झालेलं, अशी पोकळी येते. काही आठवडे, कधी काही महिने. त्या पोकळीत माणूस आधीपेक्षा जास्त थकलेला, जास्त खिन्न असतो, इच्छा पार गेलेली. तेव्हा रक्त तपासलं तर आकडा खरोखरच तळाला असतो. आणि तो म्हणतो, बघा, मला याची गरज होतीच. औषधाने तयार केलेली उणीव औषधाच्या गरजेचा पुरावा ठरते. बत्तिसाव्या वर्षी हे चक्र सुरू झालं तर पुढे तीस-चाळीस वर्षं आहेत. प्रयोग करायचाच असेल तर तो दोघांना हे सगळं माहीत असताना व्हावा.

टेस्टोस्टेरॉनला मी वाईट औषध म्हणत नाही. ज्याचे वृषण जन्मतः किंवा आजाराने काम करत नाहीत, ज्याच्या पिट्युटरीवर शस्त्रक्रिया झाली, थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवून ज्याच्या पिट्युटरीत लोह साचलं, त्याला ते न देणं अन्याय आहे. हाडं, स्नायू, मन, संसार, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. त्यातही मूल हवं असेल आणि दोष वरच्या इशाऱ्यात असेल तर एलएचसारखं काम करणाऱ्या एचसीजीच्या इंजेक्शनांनी, गरज पडल्यास एफएसएच जोडून, वृषणांनाच कामाला लावता येतं. काही पुरुषांत क्लोमिफिनच्या गोळ्या वापरतात, त्या या कारणासाठी अधिकृत मंजुरीविना. हे निर्णय एंडोक्रायनॉलॉजिस्टचे, जिमचे नव्हेत. आणि ज्या मोठ्या चाचण्यांचा दाखला दिला जातो त्या वेगळ्या माणसांवर झाल्या आहेत. २०१६ च्या चाचण्या ६५ च्या पुढच्यांवर, त्यात कामेच्छेला माफक फायदा, थकव्याला जवळपास नाही. २०२३ ची हृदयविकाराची मोठी चाचणी ४५ ते ८० वयाच्या ५,२०० हून अधिक पुरुषांवर. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाची अनियमित लय आणि फुफ्फुसात गुठळी जाण्याचे प्रकार जास्त दिसले. बत्तिशीचा शिफ्ट ऑपरेटर यात कुठेच नाही.

मग थकवा कशाचा?

ही गोष्ट बायकोने सांगितली. “हे घोरतात. मधेच श्वास थांबतो, मी हलवते.” दोन वर्षं ती त्याला रात्री हलवत होती आणि कुणी डॉक्टरने तिला विचारलं नव्हतं. मानेचा घेर ४२ सेंटिमीटर. घरी केलेल्या स्लीप स्टडीत तासाला २६ वेळा श्वास अडखळत होता; १५ ते ३० म्हणजे मध्यम स्लीप ॲप्निया. टेस्टोस्टेरॉनने हा आजार बळावू शकतो आणि रक्तही घट्ट होतं. स्लीप ॲप्नियाच्या माणसात रक्त घट्ट होण्याकडे आधीच कल असतो. तेही इंजेक्शन टाळायचं एक कारण.

दोघांसमोर मी तीन वाटा ठेवल्या. इंजेक्शन घेणं, त्याची वरची किंमत धरून. काहीच न करणं. किंवा झोप आणि वजन यांच्यामागे सहा-आठ महिने लागून पुन्हा मोजणं. माझं मत मी लपवलं नाही: तिसरी. त्याला ते लगेच पटलं नाही. “तेवढे दिवस असंच राहायचं?” प्रश्न रास्त होता. म्हणून ताठरण्यासाठी गरजेपुरती टॅडालाफिल दिली, जी शुक्राणूंच्या कामात आड येत नाही. काही आठवड्यांनी ती लागेनाशी झाली. सुरुवातीपासून भीतीचाही वाटा होता, असं मला वाटतं. न फोडलेली पेटी मेडिकलवाल्याने परत घेतली नाही. ती जिममधल्या कुणाला देऊ नकोस, एवढं मी बजावलं.

झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या सीपॅप मशीनचा मास्क पहिला महिना त्याला नकोसा झाला. मास्क बदलल्यावर जमलं. सीपॅपने टेस्टोस्टेरॉन वाढतं असं अभ्यासांतून ठामपणे दिसत नाही, ते मी आधीच सांगितलं होतं. थकवा मात्र पहिल्या सहा आठवड्यांतच उतरला. खाण्यात सगळ्यात मोठा बदल नाइट शिफ्टचा: कँटीनमधला गाठिया आणि साखरेचे चार-पाच चहा बंद, घरून डाळ, भाकरी, उसळ आणि ताक, तेही रात्री बाराच्या आत. रविवारचं सेव-उसळ चालू ठेवलं. माणसाला आपल्या गावात राहायचं असतं. जिम सोडली नाही, ट्रेनर बदलला.

दहा महिन्यांनी वजन ८२ किलो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात, पहिल्यासारखंच, सकाळी आठला उपाशीपोटी: टोटल ३८८, एसएचबीजी १९. एचबीए१सी ५.६. इच्छा बरीच परतली आहे. पूर्वीसारखी नाही, असं तो म्हणतो, आणि बायको म्हणते की आता निदान बोलतो. वीर्यतपासणीत २.६ कोटी, म्हणजे फार फरक नाही; असे आकडे एरवीही तपासणीगणिक एवढे हलतात. नाइटच्या आठवड्यात थकवा अजून येतो. त्याने जनरल शिफ्टसाठी अर्ज दिला आहे, तो मंजूर झालेला नाही.

तीन महिन्यांपासून ते मुलासाठी प्रयत्न करत आहेत. वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर दोघांचीही तपासणी, एकट्या तिची नाही, हे ठरलं आहे. वजन टिकून असताना सकाळचं टेस्टोस्टेरॉन दोनदा २६४ च्या खाली गेलं आणि फ्रीही कमी आलं, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, तेव्हाही आधी एचसीजी किंवा क्लोमिफिनचा विचार. टेस्टोस्टेरॉनचा विषय मुलं झाल्यावर, गरज उरली असेल तर. पुढचं सॅम्पल दिवाळीनंतरच्या सेकंड शिफ्टला.